एपिऊसिओस : ‘रोजची भाकर’मधल्या ‘रोज’चा तपास

मराठी ख्रिस्ती घरातलं पोर नीट बोलायला लागलं की प्रभूची प्रार्थना पाठ करतं. तिच्यातली सगळ्यात सोपी, अर्थ विचारायची गरजच पडत नाही अशी ओळ म्हणजे मत्तय ६:११, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ या ओळीतल्या ‘रोजची’ या शब्दाखाली जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ अठराशे वर्षं वादात आहे. शब्द आहे ‘एपिऊसिओस’. हे प्रकरण त्याचंच.

मूळ ओळ आठ शब्दांची आहे: तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन दोस हेमिन सेमेरोन. आर्तोस म्हणजे भाकर, हेमोन म्हणजे आमची, दोस म्हणजे दे, सेमेरोन म्हणजे आज. या सगळ्यांत शंकेला जागा नाही. अडतं ते फक्त विशेषणापाशी. हेच विशेषण लूक ११:३ मध्ये येतं आणि ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत येतं, पण तिथेही याच प्रार्थनेत. म्हणजे तीन ठिकाणं दिसत असली तरी साक्षीदार एकच. होमरपासून पुढचं एवढं अफाट ग्रीक साहित्य, नाटकं, इतिहास, वैद्यकाचे ग्रंथ, वर इजिप्तच्या वाळूत सापडलेली हजारो पत्रं, पावत्या, करारनामे. यांत कुठेही, या प्रार्थनेच्या आधी, हा शब्द नाही.

ही अडचण आजच्या अभ्यासकांनी उकरून काढलेली नाही. ओरिगेन हा अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती धर्मपंडित, ग्रीक ही त्याची मातृभाषाच. इ.स. २३३ च्या सुमारास प्रार्थनेवर लिहिलेल्या ग्रंथात तो सरळ सांगतो की हा शब्द ना कुठल्या ग्रीक विद्वानाने वापरलाय, ना सामान्य लोकांच्या बोलण्यात आहे. सुवार्तिकांनीच, म्हणजे शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच, तो घडवला असावा. ज्याने आयुष्यभर ग्रीकमध्ये वाचलं, शिकवलं, त्या माणसाच्या कानाला जो शब्द परका वाटला, त्याचा अर्थ आपण कोश उघडून एका ओळीत सांगू शकू, हा भ्रम इथेच सोडावा.

हवाराचा कागद

विसाव्या शतकात मात्र बराच काळ असं वाटत होतं की गाठ सुटली. त्याची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण मराठीत जी जुनी भाष्यं, प्रवचनांच्या टिपणवह्या हाताशी असतात, त्यांत इंग्रजीतून आलेला हा पुरावा अजूनही ठेवलेला सापडू शकतो.

इजिप्तमध्ये कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचा सखल, सुपीक भाग आहे. तिथल्या हवारा या ठिकाणी फ्लिंडर्स पेट्रीने उत्खनन केलं आणि १८८९ साली त्याचा अहवाल छापला. सापडलेल्या ग्रीक पपायरसांचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांचं, वाचन ए. एच. सेस या ऑक्सफर्डच्या विद्वानाने केलं. त्यात एक कागद कुणाच्या तरी खर्चाच्या यादीचा होता: एकेक बाब आणि तिच्यापुढे रक्कम, आपल्या किराणावहीत असते तशी. त्यातल्या एका ओळीत सेसने ‘एपिऊसि…’ एवढी अक्षरं वाचली. पुढचा भाग तुटलेला.

तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे १९१५ मध्ये फ्रीड्रिख प्राइसिग्के या जर्मन अभ्यासकाने विखुरलेल्या ग्रीक पपायरसांचा मोठा संग्रह काढला, त्यात ही यादी आली आणि मग खळबळ उडाली. खर्चाच्या वहीत हा शब्द? मग तो सुवार्तिकांनी घडवलेला कसा? तो बाजारातला, घरातला शब्द ठरतो. अर्थही मिळाला असं वाटलं: दिवसाचा ठरलेला खर्च, दिवसाचा शिधा. लॅटिनमध्ये गुलामांना, मजुरांना रोज मोजून मिळणाऱ्या अन्नाला ‘दिआरिया’ म्हणत, त्याचाच हा ग्रीक भाऊ. कोशांत नोंद गेली, कोशांतून भाष्यांत, भाष्यांतून प्रवचनांत. ‘ओरिगेनला माहीत नव्हतं, पण वाळूतून पुरावा निघाला’ ही गोष्ट सांगायला गोडही होती.

फक्त तो कागद कुणाला पाहायला मिळत नव्हता. नव्या कराराचे अभ्यासक ब्रूस मेट्झगर यांनी १९५७ मध्ये या शब्दाच्या बायबलबाहेरच्या वापराचा हिशेब मांडला तेव्हाही मूळ पपायरस बेपत्ताच होता आणि सगळी भिस्त सेसच्या एकट्याच्या वाचनावर होती. १९९८ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात मिळाला. नेमान आणि वोर्प या दोघा अभ्यासकांनी तो पुन्हा वाचला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापला: त्या जागी ‘एपिऊसि…’ नाहीच. तिथे आहे ‘एलाइऊ’. म्हणजे तेलाचे.

खर्चाच्या यादीत तेल! यापेक्षा साधं काय असणार. घाईच्या हाताने लिहिलेल्या ग्रीक अक्षरांत एलाइऊ आणि एपिऊ यांत गल्लत होणं अवघड नाही. मोडी वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्या एका वाचनावर कोशांतला एक अर्थ तब्बल आठ दशकं उभा होता. ओरिगेनचं म्हणणं पुन्हा जिथल्या तिथे आलं. म्हणून या ओळीवरचं कुठलंही भाष्य हाती घेताना आधी त्याचं साल पाहावं. १९९८ च्या आधीचं असेल आणि त्यात ‘पपायरसमध्ये सापडलेला शब्द’ असं असेल, तर ते वाक्य खोडावं. ‘शिधा’ हा अर्थ यामुळे खोटा ठरत नाही, त्याची कागदोपत्री साक्ष तेवढी गेली.

अस् की इ?

साक्षीदार नसला की शब्दाची फोड करावी लागते. इथे संस्कृतशी तोंडओळख असलेल्या मराठी वाचकाला एक सोय आहे. ग्रीक ‘एपि’ हा आपल्या ‘अपि’चा सख्खा नातेवाईक, अर्थ साधारण ‘वर, जवळ, साठी’. उरलेला ‘ऊसिओस’ दोन घराण्यांतून येऊ शकतो. एक, असणे या क्रियापदातून, ज्याचं आपल्याकडचं रूप अस् धातू. त्यातून ‘ऊसिया’, म्हणजे सत्त्व, अस्तित्व. दोन, जाणे-येणे या क्रियापदातून, ज्याचं आपल्याकडचं रूप इ धातू (एति, जातो). त्यातून ‘एपिऊसा’, म्हणजे येऊ घातलेली.

पहिली वाट धरली तर भाकर होते ‘जगण्यासाठी लागणारी’, किंवा अध्यात्माकडे झुकलं की ‘सत्त्वाची, परमसत्त्वाची’. ‘असलेल्या दिवसाची’, म्हणजे आजची, अशीही एक फोड याच घराण्यात करतात. दुसरी वाट धरली तर ती होते ‘येत्या दिवसाची’.

पहिल्या वाटेला संधीची अडचण आहे. ग्रीकमध्ये एपिच्या पुढे स्वर आला की शेवटचा इ गळतो. एपि आणि ऊसिया मिळून ‘एपूसिओस’ व्हायला हवं होतं. इ टिकलेले काही शब्द आहेत, पण त्यांत बहुधा मधे पूर्वी एखादं व्यंजन होतं आणि ते काळाच्या ओघात पुसलं गेलं, असं कारण सापडतं. ‘ऊसिया’मध्ये तसं काही नाही. दुसऱ्या वाटेला ही अडचणच येत नाही, कारण तिथला इ एपिचा नाही, धातूचाच आहे. शिवाय ‘एपिऊसा’ हा शब्द जिवंत होता, नव्या करारातच आहे. प्रेषितांची कृत्ये १६:११ मध्ये पौल आणि त्याचे सोबती त्रोवसहून जहाजाने निघतात आणि ‘ते एपिऊसे’, दुसऱ्या दिवशी, नियापुलीस पोचतात. कृत्ये ७:२६ मध्ये तर ‘दिवस’ हा शब्दही सोबत आहे.

ओरिगेन स्वतः मात्र पहिल्या बाजूला गेला. त्याला हा शब्द घडवलेला वाटला तो ‘पेरिऊसिओस’च्या धर्तीवर, जो निर्गम १९:५ च्या ग्रीक भाषांतरात देवाच्या खास, निजधनासारख्या लोकांसाठी येतो. त्याला भाकरीत आत्म्याचं अन्न दिसत होतं आणि व्याकरण मागून आलं. असं मोठ्यामोठ्यांचं होतं.

एकच शब्द, दोन लॅटिन

जुन्या लॅटिन भाषांतरात ‘क्वोतिदिआनुम’ होतं, म्हणजे सरळ रोजची. इ.स. ३८३ च्या सुमारास पोप दामासुस यांच्या सांगण्यावरून जेरोम या विद्वानाने शुभवर्तमानांचं लॅटिन तपासायला घेतलं आणि मत्तयात ते काढून ‘सुपरसुब्स्तान्तिआलेम’ घातलं. एपिला सुपर, ऊसियाला सुब्स्तान्तिया, असं सुटंसुटं उलथून. लूकमध्ये मात्र क्वोतिदिआनुम तसंच राहू दिलं. ग्रीकमध्ये दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तोच शब्द, आणि लॅटिनमध्ये एकीकडे परमसत्त्व, दुसरीकडे रोजचं जेवण. पुढे आपल्या मत्तयावरच्या भाष्यात हाच जेरोम सांगतो की इब्र्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात त्याला या जागी ‘माखार’ हा शब्द दिसला, म्हणजे उद्याची. तिसरा अर्थ!

उपासनेत लोक क्वोतिदिआनुमच म्हणत राहिले. तोंडात बसलेला शब्द विद्वानाने बदलून बदलत नाही. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये आबेलार या तत्त्वज्ञाने आपल्या पाराक्लीत मठात जेरोमचा लांबलचक शब्द सुरू केला. एलोईज तिथली मठाधिपती. क्लेअरव्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड तिथे आला, त्याला जोगिणींच्या तोंडी हा बदल खटकला, आणि ते आबेलारच्या कानावर गेलं. आबेलारने बर्नार्डला पत्र लिहून उलट सवाल केला: मत्तय प्रेषित, त्याने प्रत्यक्ष ऐकलेलं, लूकने दुसऱ्याकडून, तुम्ही प्रार्थना मत्तयाची म्हणता आणि तिच्यात एक शब्द लूकचा घुसडता, तो कशाच्या आधारावर? युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण भांडण चाललं होतं दोन लॅटिन शब्दांचं, खाली मूळ एकच.

पूर्वेकडची भाषांतरं मला जास्त बोलकी वाटतात. सिरियाक ही येशूच्या अरामाईकची जवळची बहीण. तिच्या सर्वांत जुन्या भाषांतरात ‘अमीना’, अखंड मिळत राहणारी, असा शब्द आहे. नंतरच्या, पेशित्ता नावाच्या सिरियाक भाषांतरात ‘आमच्या गरजेची भाकर’. केरळच्या सिरियन ख्रिस्ती मंडळ्यांच्या सिरियाक प्रार्थनेत हीच गरजेची भाकर शतकानुशतकं आहे, म्हणजे भारतात ‘रोजची’च्या खूप आधी ‘गरजेची’ पोचली. इजिप्तच्या कॉप्टिकमध्ये दक्षिणेकडच्या साहिदी बोलीत ‘येणारी’ आणि उत्तरेकडच्या बोहैरीत ‘उद्याची’. एकोणिसाव्या शतकात फ्रान्झ डेलिट्शने नवा करार हिब्रूत नेला तेव्हा त्याने नीतिसूत्रे ३०:८ मधला शब्द उचलला, जिथे प्रार्थना करणारा म्हणतो की मला दारिद्र्य नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याचं अन्न दे.

‘रोजची’च का नाही?

आता मुद्द्यावर येतो. ‘रोजची’ म्हणायचं असतं तर ग्रीकमध्ये शब्दांचा दुष्काळ नव्हता. लूकनेच कृत्ये ६:१ मध्ये विधवांना होणाऱ्या रोजच्या अन्नवाटपासाठी ‘काथेमेरिनोस’ वापरलाय. याकोब २:१५ मध्ये ज्या भावाबहिणीला त्या दिवसाचं अन्न नाही, तिथे ‘एफेमेरोस’ आहे. दोन्ही चालते शब्द. ते बाजूला ठेवून ज्याने कुणी ही प्रार्थना पहिल्यांदा अरामाईकमधून ग्रीकमध्ये आणली, त्याने कुणी न ऐकलेला शब्द घातला. मत्तय आणि लूक दोघांकडे तोच असल्यामुळे तो त्या दोघांच्या आधीच ग्रीकमध्ये घडलेला होता, हे उघड आहे. साधा ‘रोजची’ म्हणायला इतका खटाटोप कुणी करत नाही.

‘रोजची’ घेतलं की दुसराही त्रास होतो. मत्तयात ‘रोजची… आज’ हे कसंबसं चालतं. लूकमध्ये वाक्यातच ‘दररोज देत जा’ अशी रचना आहे, आणि मग प्रचलित मराठीत ती ओळ ‘रोजची भाकर रोज आम्हांला दे’ अशी होते. शाळेतल्या निबंधात गुरुजींनी एक ‘रोज’ खोडला असता.

‘येत्या दिवसाची’ या अर्थावर नेहमीचा आक्षेप असा की याच अध्यायात, ६:३४ मध्ये, येशू सांगतो उद्याची चिंता करू नका. मग उद्याची भाकर आज कशी मागेल? आक्षेप वजनदार वाटतो, पण ‘एपिऊसा’ म्हणजे कॅलेंडरातला उद्या नव्हे. प्लेटोच्या ‘क्रितो’मध्ये याचं सुरेख उदाहरण आहे. तुरुंगात सॉक्रेटिस, अजून उजाडलेलं नाही, त्याचा मित्र क्रितो सांगायला आलाय की ज्याच्या येण्यावर त्याची शिक्षा अडली आहे ते जहाज आज येऊन ठेपणार. सॉक्रेटिस म्हणतो, मला नाही वाटत ते ‘येत्या दिवशी’ येईल, त्याच्या पुढच्या दिवशी येईल. इथला येता दिवस म्हणजे घटकाभरात उगवणारा आजचाच दिवस. म्हणजे शब्दाचा रोख बोलणारा कुठे उभा आहे त्यावर. पहाटे प्रार्थना केली तर आज, दिवेलागणीला केली तर उद्या. आणि यहुदी दिवस तर सूर्यास्तालाच सुरू होतो. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: उगवता दिवस. ‘उगवत्या दिवसाची भाकर आज आम्हांला दे.’ साठवणीचा प्रश्नच येत नाही, मागणी आहे ती समोर उभ्या राहिलेल्या एका दिवसापुरती.

ऐकणारे कोण होते तेही पाहावं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातले द्राक्षमळ्यातले मजूर सकाळी बाजारात उभे राहतात आणि संध्याकाळी एक दिनार घेऊन घरी जातात. अनुवाद २४:१५ चा हुकूम आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. संध्याकाळी हातात पडलेल्या पैशातून उद्याच्या पहिल्या घासाची सोय होते. आपण ज्याला हातावर पोट म्हणतो ते हेच. अरण्यातला मान्नाही आठवावा (निर्गम १६): एका दिवसापुरता गोळा करायचा, उरवून ठेवला तर किडे. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट, म्हणजे उद्याचाही आजच.

जेरोमचं परमसत्त्व मला म्हणूनच पटत नाही. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या सिरिलने सांगितलं की ही साधी भाकर एपिऊसिओस नव्हे, पवित्र भाकर ती खरी एपिऊसिओस. प्रभुभोजनाच्या मेजापाशी बसलेल्या मंडळीला ते भिडलं असेल. पण त्याच ओळीवर क्रिसोस्तोम, ज्याची मातृभाषा ग्रीकच, एका दिवसापुरतं अन्न असं म्हणून मोकळा होतो.

मराठीत काय करायचं

‘भाकर’ हा शब्द मराठी बायबलाने घेतला हे उत्तमच झालं. योहान ६:९ मध्ये त्या पोराजवळ जवाच्या पाच भाकरी आहेत. भरड धान्याची, गरिबाची. देशावर ज्वारी-बाजरीची, कोकणात तांदळा-नाचणीची, पण ‘भाकरीचा प्रश्न’ म्हटलं की अर्थ सगळीकडे एकच. ‘अन्न’ म्हटलं असतं तर शब्द सोवळा झाला असता.

‘रोजची’चं मात्र गणित गमतीचं आहे. एपिऊसिओसचं भाषांतर म्हणून तो सैल आहे, त्यात ‘येणारा’ नाही आणि ‘पुरेसा’ही नाही. पण मराठीत रोज हे नामसुद्धा आहे. ‘रोज किती घेतोस?’ ‘ती रोजाने जाते.’ रोजंदारी त्यातूनच, आणि पेशवाईच्या कागदांत शिपायाच्या पगाराला येणारा रोजमुराही त्याच घरचा. रोजाने जाणारी बाई ‘रोजची भाकर’ म्हणते तेव्हा तिला नुसतं ‘दररोजची’ ऐकू येत नाही, आजच्या रोजातून येणारी भाकर ऐकू येते. फारसीतून आलेल्या या शब्दाने अनुवादकाला आयतीच मदत केली.

पर्याय तपासले. ‘उद्याची भाकर’ म्हटलं की मराठी कानाला तजवीज, साठा, विमा ऐकू येतो. ६:३४ शी उगाच भांडण. ‘पुरेशी भाकर’ बरी, पण पंगतीतल्या वाढप्याला सांगावं तशी. ‘आमच्या वाट्याची’ मला फार आवडते, तरी त्यात दिवस हरवतो. ‘आमचा आजचा शिधा’ अर्थाने जवळ आहे, पण शिधा कोरडा असतो आणि आर्तोस भाजलेली. ‘उगवत्या दिवसाची’ हे माझ्या मते सर्वांत अचूक, पण सामुदायिक प्रार्थनेत ते अडखळतं. चारशे तोंडं एका सुरात म्हणतात ती ओळ व्याकरणासाठी लांबवायची नसते. आबेलारला हे कळलं नाही.

माझा निवाडा असा: उपासनेच्या मजकुरात मत्तय ६:११ ला हात लावू नये. अभ्यासाच्या बायबलात तळटीप हवी, आणि तीही ‘किंवा, उद्याची’ अशी दोन शब्दांत उरकलेली नको. ती साधारण अशी असावी: ‘मूळ ग्रीक शब्द या प्रार्थनेपूर्वी कुठेही आढळत नाही. संभाव्य अर्थ: उगवत्या दिवसाची, गरजेपुरती. प्राचीन भाषांतरांत दोन्ही आहेत.’ आणि लूक ११:३ मध्ये मात्र शक्य तितक्या लवकर बदल करावा, तिथे दोनदा आलेला ‘रोज’ ना ग्रीकचा आहे ना मराठीचा: ‘उगवत्या दिवसाची भाकर आम्हांला रोज देत जा.’ लूकची प्रार्थना कुणी समूहाने म्हणत नाही, तेव्हा तोंडातला शब्द हिरावल्याची तक्रारही येणार नाही.